पोलीस दलं का बदलतात आणि बदलल्यावर काय होतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या तीसेक वर्षांत अनेक देशांनी आपली पोलीस दलं मोडून नव्यानं बांधली. काहींनी पंचवीस-तीस दलांचं एक केलं, काहींनी हजारो पोलिसांना घरी पाठवलं, काहींनी नावापासून बोधचिन्हापर्यंत सगळं बदललं. त्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

‘पोलीस सुधारणा’ म्हणजे नक्की काय बदलतं?

या एका नावाखाली चार वेगवेगळी कामं चालतात आणि बातम्या वाचताना ती एकमेकांत मिसळतात. पहिलं रचनेचं: दलं एकत्र करणं, जिल्हे मोठे करणं, मधल्या पायऱ्या काढून टाकणं. दुसरं माणसांचं: भरती, पगार, बढत्या, बदल्या, हकालपट्टी. तिसरं अधिकारांचं: पोलीस कोणाला अडवू शकतो, कधी झडती घेऊ शकतो, कधी गोळी चालवू शकतो. चौथं देखरेखीचं: पोलिसाविरुद्ध तक्रार आली तर ती तपासायची कोणी.

सरकारं मोठ्या आवाजात जाहीर करतात ते बहुतेक वेळा पहिलं. त्याला एक कायदा आणि एक तारीख पुरते. नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०१३ ला २६ दलांचं एक झालं, स्कॉटलंडमध्ये त्याच वर्षी १ एप्रिलला आठांचं एक. बाकीच्या तीन कामांना अशी तारीख नसते, म्हणून ती मागे पडतात.

पोलीस नाराज झाले तर सरकारलाच जड जातं. मग सरकारं यात हात घालतात तरी का?

शक्यतो घालतच नाहीत. घालावा लागतो तेव्हा मागे साधारण चारांपैकी एक कारण असतं. तिजोरी आटलेली असते. किंवा एखादा तपास इतका लाजिरवाणा फसतो की लोक रस्त्यावर येतात. किंवा यादवी अथवा जुलमी राजवट संपते आणि जुन्या राजवटीचा गणवेश घातलेला माणूस अर्ध्या जनतेला दारात नको असतो. किंवा लाचखोरी अशा थराला जाते की पोलीस म्हणजेच वाटमारी करणारा असं समीकरण होऊन बसतं.

कारण कुठलं होतं हे नीट बघावं, कारण सुधारणा ज्या दुखण्यावर निघाली त्याच दुखण्यावर औषध देते. पैसे वाचवायला निघालेली सुधारणा एक मुख्यालय उभारते, पण पोलिसांवर लक्ष कोण ठेवणार हा प्रश्न तिला उशिरा सुचतो. लाच संपवायला निघालेली लाच संपवते आणि तुरुंगात काय चाललंय तिकडे बघत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांत हे पुन्हा पुन्हा दिसेल.

एकाच प्रकरणामुळे देशाची संपूर्ण पोलीस व्यवस्था बदलली, असं खरंच घडलंय का?

बेल्जियममध्ये घडलंय. तिथे लष्करी वळणाचं राष्ट्रीय जांदार्मरी दल, गावोगावचे नगर पोलीस आणि सरकारी वकिलांच्या हाताखालचे न्यायिक पोलीस अशी तीन दलं होती, आणि तिन्ही एकमेकांपासून माहिती राखून ठेवत. १९९६ मध्ये मार्क द्यूत्रू या अपहरणकर्त्याला अटक झाली तेव्हा कळलं की जांदार्मरी त्याच्यावर आधीपासून गुपचूप नजर ठेवून होती, पण तपास करणाऱ्या न्यायाधीशांपर्यंत ते पोचलंच नव्हतं. त्यानं पळवलेल्या मुली तळघरात कोंडलेल्या असताना त्याच घराची झडतीही झाली होती. झडती घेणाऱ्यांना लहान मुलांचे आवाज ऐकू आले आणि ते बाहेरून येत असावेत असं समजून ते निघून गेले. ऑक्टोबर १९९६ मध्ये ब्रसेल्समध्ये सुमारे ३ लाख लोक पांढरे फुगे आणि पांढरी फुलं घेऊन चालले.

तरीही कायदा आला नाही. सुधारणेच्या आराखड्यांवर दीड वर्ष घासाघीस चालली. मग एप्रिल १९९८ मध्ये हा कैदी पहाऱ्यातून निसटला आणि काही तास मोकाट राहिला. दोन मंत्र्यांना जावं लागलं, आठ पक्ष एका टेबलावर बसले आणि डिसेंबर १९९८ मध्ये कायदा झाला. जांदार्मरी इतिहासजमा झाली. एक केंद्रीय दल आणि १९६ स्थानिक विभाग अशी दोन थरांची रचना उभी राहिली. मुलींचे जीव गेले तेव्हा जे जमलं नाही ते दोन राजीनाम्यांनी काही महिन्यांत जमवलं, हे मला कधी पचलेलं नाही.

नॉर्वेची गोष्ट याच जातीची. २२ जुलै २०११ च्या हल्ल्यांत, आधी ओस्लोत स्फोट आणि मग एका बेटावर गोळीबार, ७७ माणसं मारली गेली. ओस्लोतल्या स्फोटानंतर काही मिनिटांतच एका साक्षीदारानं संशयिताच्या गाडीचा नंबर फोनवर कळवला होता. ती चिठ्ठी टेबलावर पडून राहिली. पुढच्या वर्षी आलेल्या चौकशी अहवालानं पोलिसांवर कडक ताशेरे ओढले आणि २०१६ मध्ये तिथले २७ पोलीस जिल्हे १२ वर आले. चिठ्ठी पडून राहण्याचा जिल्ह्यांच्या संख्येशी संबंध काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

सगळी दलं एकत्र केली की पैसे वाचतात ना?

वाचतात, पण ठरवल्याइतके नाहीत, ठरवलेल्या वेळी तर नाहीतच. स्कॉटलंडनं २०२६ पर्यंत १.१ अब्ज पाउंड वाचतील असा अंदाज मांडला होता. त्यात एक गंमत झाली. जुनी आठ दलं स्थानिक संस्थांशी जोडलेली होती, त्यामुळे खरेदीवर भरलेला व्हॅट त्यांना परत मिळे. नवं दल राष्ट्रीय झालं आणि ती सवलत गेली. दरवर्षी सुमारे अडीच कोटी पाउंडांचा खड्डा पडायला लागला. लंडनमधल्या ब्रिटिश अर्थखात्यानं हे आधीच बजावलं होतं, तरी स्कॉटलंडच्या सरकारनं पुढे पाऊल टाकलं. सवलत मिळाली ती मार्च २०१८ मध्ये, आणि तोवर भरलेले पैसे परत आले नाहीत.

दुसरा खड्डा संगणकाचा. आठ दलांच्या आठ तऱ्हेच्या नोंदी होत्या. त्या सगळ्या एका सॉफ्टवेअरमध्ये आणण्यासाठी सुमारे ४.६ कोटी पाउंडांचं कंत्राट २०१३ मध्ये दिलं गेलं आणि २०१६ मध्ये रद्द झालं. ठेकेदारानं पैसे परत केले खरे, पण तीन वर्षं गेली आणि शिपायांच्या नशिबी तीच माहिती चार ठिकाणी भरणं राहिलं. एकत्रीकरणाच्या हिशेबात ‘नवी प्रणाली’ अशी एक ओळ असते. कुठल्याही देशाचा आराखडा हाती आला तर मी आधी ती ओळ वाचेन.

पोलीस लोकांपासून दूर जातात, ही तक्रार खरी आहे का?

बरीचशी खरी आहे, आणि ती अंतरापुरती नाही. अंतर वाढतंच. डेन्मार्कनं २००७ मध्ये ५४ जिल्ह्यांचे १२ केले. फिनलंडनं आधी ९० चे २४ आणि मग २०१४ मध्ये २४ चे ११ केले. नॉर्वेत ९० टक्के लोकांना पोलिसांचं सेवा केंद्र गाडीनं ४५ मिनिटांत गाठता यावं असा निकष ठरला आणि त्याच्या आधारानं शंभराच्या वर छोटी कार्यालयं बंद झाली. गाडी नसलेल्याचं काय, याचं उत्तर त्या निकषात नाही.

पण खरं अंतर पडतं ते माहितीत. छोट्या ठाण्यातल्या हवालदाराला कुठला रस्ता कुठे वळतो, कोणाच्या घरी दारूवरून भांडणं होतात, कोणता मुलगा शाळा सोडून भटकतोय हे ठाऊक असतं. हे ज्ञान कुठल्याही नोंदवहीत नसतं. ठाणं बंद झालं की ते त्याच्याबरोबर निवृत्त होतं. दोनशे किलोमीटरवरच्या कॉल सेंटरमध्ये फोन उचलणाऱ्याला तो नाका नकाशावर शोधावा लागतो.

जुलै २०१५ मध्ये स्कॉटलंडच्या एम-९ महामार्गाशेजारी एक गाडी उताराखाली गेली. कोणीतरी ती पाहून पोलिसांना फोन केला. फोन घेतला गेला, पण प्रणालीत नोंद झाली नाही. गाडीपर्यंत पोलीस तीन दिवसांनी पोचले. तोवर एक जण गेला होता आणि आतली जिवंत असलेली तरुणी पुढे रुग्णालयात वारली. त्याच काळात नियंत्रण कक्ष एकामागून एक बंद करून काम मोजक्या केंद्रांत आणलं जात होतं. २०२१ मध्ये दलानं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि १ लाख पाउंड दंड झाला. ही एका माणसाची चूक होती असं म्हणता येईल. पण एका माणसाची चूक अडवणारी दुसरी चाळण त्या घाईत उभी राहिली नव्हती.

मग एकत्रीकरणाचा फायदा काहीच नाही?

आहे, आणि तो छोटा नाही. खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी यांचा तपास करणारी अनुभवी पथकं छोट्या दलाला कधीच परवडत नाहीत. दुर्गम बेटावर खून झाला तरी मोठ्या शहरातल्यासारखंच तपास पथक पोचेल, हे स्कॉटलंडमध्ये २०१३ नंतर शक्य झालं.

त्याच साखळीतून नको तो मालही वाहून जातो. ग्लासगो आणि आसपासच्या स्ट्रॅथक्लाइड दलात लोकांना थांबवून ‘संमतीनं’ झडती घेण्याची पद्धत जोरात होती. तिथलेच प्रमुख स्टीव्हन हाउस नव्या दलाचे पहिले प्रमुख झाले आणि ती पद्धत देशभर दिसू लागली. डोंगराळ हायलँड्समधल्या लोकांना २०१४ मध्ये नेहमीच्या गस्तीवरच्या पोलिसांच्या कमरेला पिस्तूल दिसलं तेव्हा गहजब झाला. पिस्तुलांचा नियम त्याच वर्षी बदलला. ‘संमतीची’ झडती मात्र कायद्यानं बंद व्हायला २०१७ उजाडलं.

सगळ्यांना काढून टाकून नवी भरती केली तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तरात नेहमी जॉर्जियाचं नाव येतं. २००३ च्या क्रांतीनंतर मिखाइल साकाश्विली सत्तेवर आले. २००४ मध्ये त्यांनी वाहतूक पोलिसांचं अख्खं दल, हजारोंच्या संख्येनं, एका फटक्यात बरखास्त केलं. नवी गस्ती पोलीस यंत्रणा उभी झाली, पगार अनेक पटींनी वाढले, ठाण्यांच्या इमारती काचेच्या भिंतींच्या झाल्या. रस्त्यावरची चिरीमिरी खरोखर बंद झाली. वर्षानुवर्षं जी माणसं नाक्यानाक्यावर पैसे देत होती त्यांना हा चमत्कारच वाटला असणार.

हे जमलं त्यामागच्या गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. देश छोटा होता. सरकारामागे प्रचंड लोकमत होतं आणि परदेशातून पैसा येत होता. वाहतूक पोलिसांचं काम गुन्ह्यांच्या तपासासारखं वर्षांच्या अनुभवावर उभं नसतं, म्हणून रस्ते काही काळ पोलिसांविना राहिले तरी निभावलं. तपास अधिकाऱ्यांना असं एका दिवसात घालवलं असतं तर अर्धवट राहिलेले खटले कोणी पुढे नेले असते?

नव्या यंत्रणेच्या कडकपणाला लगामही नव्हता. तुरुंग भरत गेले. सप्टेंबर २०१२ मध्ये तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या आणि पुढच्याच महिन्यात साकाश्विलींचा पक्ष निवडणूक हरला.

युक्रेननं २०१५ मध्ये हाच कित्ता गिरवला, जॉर्जियाचेच माजी अधिकारी आणून. कीव्हच्या रस्त्यांवर नवी गस्त ताजीतवानी दिसली. जुन्यांसाठी फेरपरीक्षा ठेवली. नापास झालेल्यांपैकी बरेच जण न्यायालयात गेले आणि परत कामावर आले, कारण काढण्याची प्रक्रिया कायद्यात कच्ची होती. राष्ट्रीय पोलीस प्रमुख खातिया देकानोइद्झे यांनी २०१६ च्या नोव्हेंबरात पद सोडलं.

नुसता पगार वाढवला तर लाच थांबेल?

नाही. पगार वाढला की लाच घेण्याची सबब जाते, सवय जात नाही. पकडले जाण्याची शक्यता सोबत वाढावी लागते. शिवाय अनेक ठिकाणी नेमणुकीसाठीच वर पैसे मोजलेले असतात. ते वसूल करायचे म्हणून खाली हात पुढे होतो. ही साखळी वरून तुटते.

नाव, गणवेश, हुद्दे बदलून काय साधतं?

उत्तर आयर्लंडमध्ये पुष्कळ साधलं. तिथल्या पोलीस दलाच्या रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरी या नावातच राजमुकुट होता. कॅथलिक समाजाला ते दल दुसऱ्या बाजूचं, म्हणजे ब्रिटनधार्जिण्या प्रोटेस्टंटांचं, वाटे आणि दलात कॅथलिक होते जेमतेम ८ टक्के. त्याच दलानं संघर्षात आपली तीनशेच्या वर माणसं गमावली होती, त्यामुळे त्यांच्या कुटुंबीयांना नाव पुसणं म्हणजे त्या मरणांचा अपमान वाटला. दोन्ही दुःखं खरी होती. १९९८ च्या शांतता करारानंतर ख्रिस पॅटन यांच्या आयोगानं १७५ शिफारशी केल्या आणि नोव्हेंबर २००१ मध्ये नव्या नावाचं दल आलं. बोधचिन्हात मुकुटही राहिला, आयरिश वीणाही आली, शॅमरॉक हे आयर्लंडचं त्रिदल पानही.

पण नावामागे ठोस काम होतं. दहा वर्षं प्रत्येक भरतीत निम्मे कॅथलिक आणि निम्मे बाकीचे घ्यायचे असा नियम होता. २०११ मध्ये तो संपला तेव्हा प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास पोचलं होतं. त्यानंतर ते जवळपास तिथेच अडकलं आहे.

दक्षिण आफ्रिकेत उलटा अनुभव आला. वर्णभेद संपल्यावर ११ दलं एकत्र करून १९९५ मध्ये नवं दल झालं. नावात ‘फोर्स’ ऐवजी ‘सर्व्हिस’ आलं, लष्करी हुद्दे गेले. गुन्हे वाढले तसे राजकारण्यांना कडक पोलीस हवेसे वाटू लागले आणि २०१० मध्ये जनरल, कर्नल हे हुद्दे परत आले. १६ ऑगस्ट २०१२ ला मारिकाना इथे संपावरच्या ३४ खाणकामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. हुद्द्यांमुळे गोळ्या सुटल्या असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण वारं कुठल्या दिशेला फिरलं होतं ते हुद्द्यांवरून आधीच दिसत होतं.

सुधारणेचा दलातल्या साध्या पोलिसावर काय परिणाम होतो?

पहिली दोन-तीन वर्षं तो आपल्याच जागेसाठी अर्ज करत असतो. स्वीडननं २०१५ मध्ये २१ प्रांतिक दलं आणि राष्ट्रीय मंडळ एकत्र करून एक प्राधिकरण केलं. वरच्या खुर्च्या आधी भरल्या, खालच्यांना बराच काळ आपलं काम कुठे आणि साहेब कोण हेच कळत नव्हतं. पोलिसांना नागरिकांच्या जवळ नेणं हा मूळ हेतू होता. २०१८ च्या सरकारी मूल्यमापनात ही उद्दिष्टं अजून गाठली गेली नसल्याचं नमूद झालं. डेन्मार्कमध्येही सुरुवातीला काम घसरलं, लोकांचा विश्वास खाली आला आणि मग सावरला.

पोलिसांवर देखरेख कोणी करावी?

त्यांच्या साहेबांनी नव्हे. साहेब वाईट असतात म्हणून नाही, तर आपल्या माणसाची चूक ही त्यांचीही चूक ठरते म्हणून. उत्तर आयर्लंडमध्ये २००० पासून पोलीस लोकपालाकडे स्वतःचे तपासनीस आहेत. ते दलाकडून उसने आणलेले नसतात.

केनियाचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. २००७-०८ च्या निवडणुकीनंतरच्या हिंसाचारात ११०० च्या वर माणसं मेली, त्यातली एक तृतीयांशाहून अधिक गोळ्यांनी. २०१० ची नवी राज्यघटना आली, दोन पोलीस दलं एका महानिरीक्षकाखाली ‘राष्ट्रीय पोलीस सेवा’ म्हणून जोडली गेली आणि २०११ च्या कायद्यानं स्वतंत्र देखरेख प्राधिकरण स्थापन झालं. कागदावर फारशी उणीव नव्हती. तरी जून २०२४ मध्ये करवाढीविरुद्धच्या निदर्शनांवर पुन्हा गोळीबार झाला, डझनावारी माणसं गेली आणि पुढच्या महिन्यात महानिरीक्षकांनी राजीनामा दिला. साक्ष द्यायला सहकारी पुढे येत नसतील आणि गोळी कोणाच्या बंदुकीतून सुटली याच्या नोंदी मिळत नसतील, तर प्राधिकरण पत्रं लिहीत बसतं.

न्यायालयाच्या आदेशानं सुधारणा होते का?

सुरू होते. भारतात १८६१ च्या पोलीस कायद्याच्या चौकटीला हात लावायला सरकारं तयार नव्हती. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी १९९६ मध्ये याचिका केली. २२ सप्टेंबर २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं सात निर्देश दिले: प्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत, तपास आणि बंदोबस्त वेगळे करणं, तक्रार प्राधिकरण वगैरे. पुढे अनेक राज्यांनी आपले कायदे केले ते या निर्देशांना बगल देणारे होते, अशी टीका सातत्यानं झाली. बदली करण्याचा अधिकार हा सत्तेचा सगळ्यात स्वस्त लगाम असतो, तो कोण सोडणार!

एकदा केलेली सुधारणा उलटू शकते का?

हो. जपानमध्ये युद्धानंतर १९४७ च्या कायद्यानं पाच हजारांहून मोठ्या वस्तीला आपलं स्वतःचं पोलीस दल मिळालं. सुमारे १६०० दलं झाली. छोट्या गावांना खर्च झेपेना, गुन्हेगार शेजारच्या हद्दीत गेला की तपास थांबे. १९५४ मध्ये ती रचना मोडून प्रांतिक दलं आणि वर राष्ट्रीय संस्था अशी व्यवस्था आली. ती आजही चालू आहे. जुन्याची काही चांगली बाजूही तिनं ठेवली: राजकारण्यांना थेट हुकूम सोडता येऊ नये म्हणून मधे सार्वजनिक सुरक्षा आयोग आहेत.

सुधारणा यशस्वी झाली हे ओळखायचं कसं?

गुन्ह्यांच्या आकड्यांवरून लगेच ओळखता येत नाही. पोलिसांवर विश्वास वाढला तर आधी न येणाऱ्या बायका, आधी गप्प बसणारे दुकानदार तक्रार द्यायला येतात आणि आकडा वर जातो. ठाणेदाराला आकडा कमी दाखवायचा असेल तर फिर्याद घेतलीच जात नाही आणि आकडा खाली येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांच्या नोंदींवरचा विश्वास इतका ढळला की जानेवारी २०१४ मध्ये त्या आकड्यांचा ‘राष्ट्रीय आकडेवारी’ हा दर्जा काढून घेण्यात आला. त्याच वर्षीच्या तपासणीत कळलं की पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के नोंदलेच जात नव्हते.

त्यापेक्षा साधी मापं बरी. फोन किती वेळात उचलला जातो, गाडी किती वेळात येते, आणि पोलिसांकडे एकदा जाऊन आलेला माणूस पुन्हा जाईन म्हणतो का.

लष्कराकडे पोलिसांचं काम देणं ही सुधारणा मानायची का?

मेक्सिकोनं २०१९ मध्ये भ्रष्ट ठरवलेलं केंद्रीय पोलीस दल मोडून राष्ट्रीय रक्षक दल उभं केलं. ते नागरी राहील असं सांगितलं होतं. माणसं मुख्यतः सैन्यातून आली आणि २०२४ च्या घटनादुरुस्तीनं ते संरक्षण मंत्रालयाच्या ताब्यात गेलं. सैनिकाला शत्रू हरवायला शिकवलेलं असतं. घटनास्थळ राखणं, पुरावा गोळा करणं, न्यायालयात उलटतपासणीला तोंड देणं हे त्याच्या शिक्षणात नसतं. त्यामुळे रस्त्यावर बंदोबस्त दिसतो, खटले उभे राहणं वेगळीच गोष्ट.